फायरवॉल वाढवू का?

बुधवार, ८ जानेवारी, सकाळी साडेअकरा. हजर मंडळी: वसंत जिभाऊ, वय चौऱ्याहत्तर, नंदुरबारला स्वतःच्या घरी, राउटरसमोर स्टुलावर. त्यांची मुलगी कल्पना, सुरतेत, दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप. कल्पनाची आई कुसुमकाकू, त्याच बाकावर, अंगावर शाल. आणि मी, नवापूरच्या पुढे डोंगरातल्या एका शाळेच्या गच्चीवर, कारण खाली वर्गात मोबाइलला रेंज नव्हती.

ही हजेरी मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवली. माझी पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक कामाला एक पान. वर तारीख आणि हजर माणसं, खाली कामांची यादी, प्रत्येक कामापुढे एक चौकट. काम झालं की चौकटीत बरोबरची खूण. सगळ्या चौकटी भरल्याशिवाय पान मिटलं असं मी मानत नाही. या धंद्यात मला बावीस वर्षं झाली आणि बहुतेक पानं मिटलेली आहेत. हे एक पान मिटलेलं नाही. अंकासाठी कामातलं काही लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी वह्यांचा गठ्ठा काढला आणि हात आपोआप याच पानावर गेला.

मी घरांत, दुकानांत, शाळांत नेटवर्क बसवते. बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर एका यंत्राचं दुसऱ्या यंत्राशी बोलणं सुरू करून द्यायचं आणि तिसऱ्यानं मध्ये तोंड घालू नये याचा बंदोबस्त करायचा. पहिलं काम तासाभराचं असतं. दुसरं कधी संपत नाही, आणि ते नीट झालेलं असलं तर कुणाला दिसतही नाही. गिऱ्हाईक विचारतं, ताई, तुम्ही नक्की केलं काय? काही झालं नाही ना, तेच केलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. कळसाडीच्या एका बागायतदारांनी राउटर चोरीला जाऊ नये म्हणून तो लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला होता आणि रेंज का येत नाही म्हणून मला बोलावलं होतं. दुसऱ्या एका घरी तो देवघरात होता, कारण इन्व्हर्टरची वायर तिथवरच आलेली. भावकीत कुणी वारलं, सुतक आलं, देवघराला कुणी हात लावेना, आणि नेमका तेव्हाच राउटर अडकला. मी फोनवर म्हटलं, नुसतं एक बटण बंद करून चालू करायचं आहे. तिकडून उत्तर आलं, "ताई, तेराव्यानंतर." मी हसले नाही. नियम पाळणारी माणसं मला आवडतात. वसंत जिभाऊ तसेच होते, म्हणून तर हे सगळं घडलं.

जिभाऊ आमच्याकडे मोठ्या भावाला म्हणतात, आणि ज्याला सगळं गाव मोठा भाऊ मानतं त्यालाही. वसंत जिभाऊंनी चाळीस वर्षं बाजारात मिरची आणि किराण्याचं दुकान चालवलं. आता ते पुतण्या बघतो. त्या दुकानात पहिला संगणक मीच बसवला होता. जिभाऊंनी माझ्याकडून सगळं समजून घेतलं, कागदावर लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, याला संध्याकाळी शांत कसा करायचा? दिवा विझवत नाहीत, शांत करतात, तसा संगणक. त्यांच्या तोंडी काही शब्द येतच नसत. मला ते ऐकायला बरं वाटायचं. त्यापलीकडे मी विचार केला नाही.

त्यांच्या घरी जो नेटवर्क ड्राइव्ह होता तो कल्पनानं आणलेला. डब्याएवढं यंत्र, आत दोन डिस्क, राउटरला जोडलेलं. घरातल्या कुठल्याही फोनवरून त्यात फोटो, कागद ठेवता येतात. कल्पनाच्या मुलाचे जन्मापासूनचे फोटो त्यात होते, कारण सुरतेच्या फ्लॅटमध्ये दोनदा लॅपटॉप बिघडल्यावर तिला आईवडलांचं घर जास्त भरवशाचं वाटलं. आणि त्यातच काकूंच्या छातीचे दोन जुने सीटी स्कॅन होते. एक मागच्या वर्षीचा, एक तीन वर्षांपूर्वीचा, मोठ्या न्यूमोनियानंतर काढलेला.

ड्राइव्ह बसवला त्या दिवशीच्या पानावर अकरा कामं होती. नऊ झाली आणि लाइट गेली. उरलेली दोन अशी: ड्राइव्हचा पासवर्ड बदलणं, जो कल्पनानं मुलाचं नाव आणि जन्मसाल असा ठेवला होता; आणि जुन्या प्रती आपोआप राखण्याची सोय चालू करणं. काकूंनी शेवभाजी केली होती, जेवून निघाले. पुढच्या खेपेला करू, असं म्हटलं. ड्राइव्ह तेव्हा फक्त घरातल्या घरात दिसत होता, बाहेरून कुणाला वाट नव्हती. त्यामुळे घाई वाटली नाही.

घाई आली ती त्या बुधवारी. काकूंचा खोकला जात नव्हता म्हणून कल्पनानं त्यांना सुरतेला नेलं, नवा स्कॅन काढला, त्यात उजव्या फुप्फुसात एक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, जुना स्कॅन दाखवा, आजच. जुना स्कॅन नंदुरबारच्या घरात, ड्राइव्हमध्ये. कल्पनानं मला फोन लावला. आवाज सपाट होता. घाबरलेली माणसं आरडाओरडा करतात असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवात ती एकदम हळू बोलायला लागतात.

तिला बाहेरून घरात शिरायला वाट करून द्यायची म्हणजे राउटरच्या फायरवॉलमध्ये तशी परवानगी लिहायची. फायरवॉल म्हणजे काय हे जिभाऊंना मी त्यांच्याच धंद्यातून सांगितलं होतं. गावाबाहेर मिरची सुकायला पसरतात त्या पथारीवर राखणदार असतो. त्याच्याकडे नावं दिलेली असतात. ज्याचं नाव आहे तो आत, बाकी सगळे बाहेरच्या बाहेर. राउटरच्या आत बसलेला राखणदार म्हणजे फायरवॉल. यादीत एक नाव वाढवायचं, एक तासापुरतं, तास झाला की नाव आपोआप पुसलं जाईल. मी तिथं असते तर दहा मिनिटांचं काम. मी होते चाळीस मैलांवर, शाळेच्या गच्चीवर, आणि नेट इतकं कमी की बोलण्यापलीकडे काही जमेना.

तेव्हा फोनवरून सांगितलं, जिभाऊंनी केलं. खरं सांगते, माझ्या हाताखाली काम केलेल्या कित्येकांपेक्षा ते सरस होते. मी सांगायचं, ते मोठ्यानं परत म्हणायचे, मगच बोट लावायचे. कल्पनाच्या लॅपटॉपचा नेटवरचा पत्ता, म्हणजे आकड्यांचे चार गट, वाचून दाखवला, त्यांनी वजनाच्या चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि मग मोबाइलवरच्या राउटरच्या ॲपमध्ये घातला. मी मनातल्या मनात शाबासकी दिली आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला. खाली मुख्याध्यापक हाका मारत होते, वारं होतं, शब्द तुटत होते.

"ताई, पोरले अजून धड दिसी नही ऱ्हायनं. लई हळू शे म्हणस. मंग वाढावू का?"

माझ्या डोक्यात तो एक तास होता. स्कॅनची फाइल मोठी, सुरतेचं नेट हळू, तास पुरणार नाही हे मलाही वाटतच होतं. वेळ वाढवण्याचं बटण ॲपच्या त्याच पानावर होतं. म्हातारा किती बारकाईनं विचार करतो, असं वाटलं.

"हो जिभाऊ, वाढवा," मी म्हटलं.

पंधरा मिनिटांत कल्पनाचा निरोप आला. मागच्या वर्षीचा स्कॅन मिळाला, डॉक्टरांनी पाहिला. ठिपका तेव्हाही होता, पण पुसट. नक्की सांगता येत नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारून ठरवू. मी तिला कळवलं, दुसरा स्कॅन निवांत उतरवून घे. आणि वहीत, त्या कामापुढे, खूण केली.

नंतरचे नऊ दिवस संक्रांतीत गेले. शुक्रवारी दुपारी कल्पनाचा फोन आला. मोठे डॉक्टर म्हणाले होते, सोमवारी निर्णय घेऊ. सगळ्यात जुना स्कॅन आणा. तीन वर्षांपूर्वी तो ठिपका एवढाच असेल तर तो जुन्या आजाराचा व्रण आहे, हात लावायची गरज नाही. तेव्हा नसेल, तर नंतर वाढलेला आहे. मग छाती उघडावी लागेल. काकूंचं वय एकोणसत्तर, साखर, दम. तो उतरवून घ्यायचा राहूनच गेला होता. वाट अजून उघडी कशी, हे कल्पनाच्या ध्यानात आलं नाही; तिनं सुरतेहूनच घरच्या ड्राइव्हवर तो उघडायला घेतला तर फाइलींची नावंच बदललेली. प्रत्येकीच्या शेवटी तीच अनोळखी अक्षरं. एकही उघडत नाही.

मी ती अक्षरं वहीत लिहून घेतली. हे मी फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं.

वीस मिनिटांत जिभाऊंच्या घरी पोचले. पहिलं काम, ड्राइव्हची वायर काढली. दुसरं, डिस्कची आहे तशी नक्कल घ्यायला लावली. तिसरं, काय झालं ते बघायला बसले. एका फोल्डरात इंग्रजी चिठ्ठी होती: फाइलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी तर अमुक ठिकाणी संपर्क करा. कुठल्या देशातून, कोण, काही कळण्यासारखं नाही. जिभाऊंनी चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली आणि एवढंच विचारलं, पैसे दिले तरी ते किल्ली देतीलच, याची खात्री कोण देणार? कुणीच नाही, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. चोराशी उधारीचा व्यवहार होत नसतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पण शिरला कसा? मी तर एक नाव लिहिलं होतं, तेही तासापुरतं. राउटरची नोंद उघडली. राउटर सगळं लिहून ठेवतो, माझ्यासारखाच. ८ जानेवारी, अकरा वाजून बावन्न मिनिटं: फायरवॉल बंद. बदल कुठून केला: घरातल्या मोबाइलवरून. त्यानंतर ती चालू झाल्याची नोंद नाही.

नऊ दिवस राखणदार नव्हता. पूर्वी एवढ्यानं कदाचित भागलंही असतं. पण हल्लीच्या जोडण्यांत घरातल्या प्रत्येक यंत्राला बाहेरचा स्वतःचा पत्ता मिळतो. राखणदार गेला की कुणीही थेट त्या यंत्राच्या दाराशी येऊन उभं राहू शकतं. आणि दाराला कुलूप होतं ते मुलाच्या नावाचं आणि जन्मसालाचं. जगभरात अशी कुलपं दिवसरात्र चाचपत फिरणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना नऊ दिवस पुष्कळ झाले.

मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, जिभाऊ, ही फायरवॉल बंद कुणी केली?

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तूच सांगं ना. मी इचारं तुले, वाढावू का म्हनीसन. तू सांगं, वाढावा. मी वाढाई टाकी."

वाढवली.

खानदेशातच नव्हे, अख्ख्या महाराष्ट्रात दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नाही. दुकान वाढवतो. 'बंद' हा शब्द चालत्या धंद्याला लावायचा नसतो. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जिभाऊंनी चाळीस वर्षं रोज संध्याकाळी हमालाला सांगितलं असेल, वाढाव रे. पोरीला स्कॅन दिसत नाही, राखणदार आडवा येतो, तर त्याला घटकाभर घरी पाठवावं, असा त्यांनी सरळ विचार केला. समोर मोठं हिरवं बटण होतं. पण मला विचारल्याशिवाय त्यांनी त्याला हात लावला नाही. आणि विचारलं ते त्यांच्या शब्दात. हा शब्द लहानपणापासून माझ्याही घरातला आहे. माझी आई अजून कुंकवाची डबी सांडली तरी वाढली म्हणते. मी गच्चीवर उभी राहून तो शब्द दुसऱ्या अर्थानं ऐकला, कारण मी माझ्या यादीतलं पुढचं काम ऐकत होते.

माझ्या मोबाइलमधली फोनची नोंद काढून पाहिली. जिभाऊंचा फोन, अकरा एकावन्न, चाळीस सेकंद. राउटरची नोंद अकरा बावन्न. माझ्या होकारानंतर एका मिनिटात त्यांनी बटण दाबलं होतं.

तेवढ्यात कल्पनाचा फोन आला. जिभाऊंनी तो स्पीकरवर ठेवला, त्यांना कमी ऐकू येतं. तिनं विचारलं, कारण कळलं का? मी म्हटलं, त्या दिवशी फायरवॉल बंद झाली होती, ती तशीच राहिली. 'झाली होती' असंच म्हणाले मी. व्याकरणात अशी जागा असते, जिथं कर्ता लागत नाही.

कल्पनाला मात्र कर्ता हवा होता. "आबा, तुम्ही दाबं ना काहीतरी? तुम्हले कितला खेपा सांगं, ताईनी सांगाशिवाय हात लाऊ नका."

खोलीत मी होते. माझ्या हातात फोन होता, त्यावर अकरा एकावन्न हे आकडे होते. एक वाक्य पुरलं असतं. मी ड्राइव्हच्या नक्कलीचा टक्का बघत होते, चौदा, पंधरा, जणू तो माझ्या बघण्यानंच पुढे सरकत होता.

"मन्हीच चूक शे बेटा," जिभाऊ म्हणाले. "मी दाबी टाकं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर आम्ही स्कॅन शोधायला लागलो. आता बोलायला वेळ नाही, अशी मी माझी समजूत घातली, आणि वेळ खरोखरच कमी होता. वहीत पर्याय लिहिले. पहिला, स्कॅन काढला ते केंद्र: ते दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेलं, मालकांचा फोन लागेना. दुसरा, तेव्हा मिळालेली सीडी. कल्पना म्हणाली, ड्राइव्हवर उतरवून घेतल्यावर ती घरातच ठेवली होती. जिभाऊंनी परसाकडे बोट केलं.

"ती तथा पेरूवर टांगेल शे," ते म्हणाले. "पोपट येतस ना."

परसात पेरूच्या झाडावर चार सीड्या दोऱ्यांना लटकत होत्या. वाऱ्यानं फिरत, चमकत होत्या. कुठली गाण्यांची, कुठली छातीची, कळायला मार्ग नव्हता. स्टूल बाहेर आणलं, मी चढले, जिभाऊंनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. चारही उतरवल्या. तिसरीवर काकूंचं नाव पुसट दिसलं. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे खाल्लेली. मागचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता. मी ती धुतली, पुसली, दोन संगणकांवर घालून पाहिली. काही नाही. जिभाऊ शेजारी उभे होते, हातात उरलेल्या तीन सीड्या. त्या परत झाडावर बांधायच्या की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

तिसरा पर्याय माझ्याकडे नव्हता. नक्कल पूर्ण झाली होती, पण तिच्यातही तीच कुलपं. जुन्या प्रती राखण्याची सोय चालू असती तर मी बटण दाबून नऊ दिवस मागे गेले असते. ती चौकट रिकामी होती.

संध्याकाळी जिभाऊंनी काकूंना फोन लावला. कल्पनानं आईला काही सांगितलं नव्हतं, पण जिभाऊ सांगून मोकळे झाले. छप्पन्न वर्षांच्या संसारात त्यांना काही लपवता आलं नसावं. सगळं ऐकून घेतल्यावर काकू म्हणाल्या, "गादीखाले देख. मन्ही गादीखाले. मोठा फोटू व्हता ना काळा. माले कोनी इचारंच नही."

खरंच होतं. ज्या बाईच्या छातीची ही सगळी धावपळ, तिला विचारायचं माझ्या यादीत नव्हतं.

आमच्याकडे एक्स-रे गादीखाली ठेवतात. सपाट राहतो, हरवत नाही. मला माहीत होतं, माझ्या घरीही तसेच आहेत. आम्ही काकूंची गादी उचलली. खाली रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नाच्या दोन पत्रिका, आणि मोठ्या खाकी पाकिटात तीन काळ्या फिल्म. तीन वर्षं त्यांच्यावर झोपून थोड्या बाकदार झालेल्या. कोपऱ्यात नाव, तारीख. स्कॅनची प्रत्येक चकती चौकटीत छापलेली. मी खिडकीशी धरून पाहिली. मला त्यातलं काही कळत नाही. तरी मी प्रत्येक चौकटीत ठिपका शोधत होते.

रविवारी जिभाऊ सुरतेच्या गाडीला बसले. फिल्म वाकू नयेत म्हणून आम्ही त्या मोठ्या कॅलेंडरच्या दोन पुठ्ठ्यांत घालून सुतळीनं बांधल्या होत्या. मी स्टेशनवर सोडायला गेले ते बोलायचं ठरवूनच. गाडी यायला वेळ होता. मी सुरुवात केली, जिभाऊ, कल्पनाला मी सांगते, तुम्ही मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं.

त्यांनी पुठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"ऱ्हाऊ दे माय," ते म्हणाले. "तुन्हा धंदा शे. मी बाप शे. बापवरना राग उतरी जास."

मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. बाईमाणूस नेटवर्क काय बसवणार, असं ज्या गावात मी बावीस वर्षांपूर्वी ऐकलं, तिथं माझ्या होकारानं एका घराच्या फाइली गेल्या ही बातमी किती वेगानं फिरेल याचा हिशोब मी दोन दिवस करत होते. जिभाऊंनी तो माझ्या आधी करून टाकला होता.

सोमवारी दुपारी फोन आला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावल्या, नव्या स्कॅनशी मोजून पाहिल्या. ठिपका तीन वर्षांपूर्वीही तिथंच होता आणि तेवढाच होता. कापायचं काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. कल्पना रडत होती आणि बोलत होती. "ताई, तुम्ही होत्या म्हणून आई वाचली. नाहीतर आबांनी सगळं घालवलंच होतं."

तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं.

मुलाचे पाच वर्षांचे फोटो गेले. काही नातेवाइकांच्या फोनमधून गोळा झाले, बरेचसे झाले नाहीत. ती डिस्क माझ्या कपाटात आहे, पाकिटावर तारीख घालून. अशा कुलपांच्या किल्ल्या कधीकधी काही वर्षांनी मिळतात, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी शोधून पाहते. घरात नवा ड्राइव्ह बसवला, पासवर्ड लांबलचक ठेवला, जुन्या प्रती रोज राखल्या जातात, बाहेरून यायची वाट आता वेगळी आणि बंदिस्त आहे. फोनवर कुणाकडून काम करून घ्यायचं असेल तर 'वाढवा' आणि 'काढा' हे शब्द मी वापरत नाही. 'चालू' आणि 'बंद', एवढेच. नवीन माणसांना मी हे पहिल्या दिवशी शिकवते. का, ते सांगत नाही.

काकूंची जुलैतली तपासणी ठीक आली. पुढची जानेवारीत आहे.

राग मात्र उतरला नाही. कल्पना वाईट मुलगी नाही. तिनं वडलांना पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, फक्त राउटरचं ॲप त्यांच्या मोबाइलमधून काढून माझ्या मोबाइलमध्ये टाकायला सांगितलं. मी टाकलं. नव्या ड्राइव्हचा पासवर्डही त्यांना माहीत नाही. ज्या माणसानं माझं प्रत्येक वाक्य परत म्हणून, चिठ्ठीवर उतरवून, एकही आकडा न चुकवता काम केलं होतं, तो आता नातवाचा व्हिडिओ कॉल आला तरी काकूंनी उचलेपर्यंत फोनला हात लावत नाही. मागच्या महिन्यात मी गेले होते. फोन चार्जिंगला लावायचा होता, तो त्यांनी माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "लाऊ ना ताई? काही वाढाई त नही जाई?" काकू हसल्या. तेही हसले. मी वायर लावून दिली.

इथं मी नावं बदलली आहेत, तेव्हा हे छापून आल्यानं काही होणार नाही. कल्पना दिवाळीला येणार आहे, भाऊबीजेपर्यंत राहील. वही दरवर्षी संपते, न झालेली कामं मी नव्या वहीत पहिल्या पानावर उतरवून घेते. सध्या तिथं चार आहेत. सारंगखेड्याच्या दुकानातली वायर, शाळेचा दुसरा राउटर, डिस्कची किल्ली शोधणे.

चौथं: कल्पनाला सांगणे, आबांनी विचारलं होतं. चौकट रिकामी.